छिन्नी नावाचं अक्षर

"अहो, इथे शॉक बसतो का?"

पेंटर स्वयंपाकघरात चहा गाळत होता. गाळणी तशीच भांड्यावर टेकवून तो बाहेर आला. बायको बाथरूमच्या दारासमोर उभी होती, खांद्यावर टॉवेल, एक हात भिंतीला. दाराला हात लावायला तयार नाही.

"कसला शॉक?"

"मग हे काय लिहिलंय?"

"बाथरूम लिहिलंय. वाच की."

"वाचलं मी. मला काय वाचता येत नाही?" ती जरा चिडली. "पण एवढं ओरडून कशाला लिहिलंय? आत काहीतरी असणार. मी नाही जात."

दारावर पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं होती, वीतभर उंच. एकही गोलाई नाही. ब चं पोट म्हणजे चौकट तिरकी ठेवल्यासारखं, थ च्या गाठीचा त्रिकोण, प्रत्येक रेघेचं टोक तासून काढलेलं. लांबून बघितलं तर अक्षर अंगावर येतं. तसं ते यावं म्हणूनच बनवलेलं.

"काही नाही आत. मी जातो आधी, बघ," असं म्हणत पेंटरने दार उघडलं, दिवा लावला, नळ सोडून दाखवला. पण तोवर उशीर झाला होता. ती खाली बघत होती. फरशी ओली झाली होती.

"कोणीतरी पाणी सांडलंय," ती म्हणाली.

"हो, मीच सांडलं," पेंटर म्हणाला आणि फडकं आणायला गेला.

लेकीला हे सांगायचं नाही, हे त्याने फरशी पुसतानाच ठरवलं. कारण शनिवारी लेक येणार होती, आणि तेव्हा निकाल लागणार होता.

झालं असं होतं. बायकोचं विसरणं आधी चाव्या, चष्मा, गॅस इथपर्यंतच होतं. मग एके दिवशी ती घर शोधायला घरातून बाहेर पडली. बसस्टॉपवर सापडली, घरातल्या चपलांवर. लेकीने मनावर घेतलं. एक चांगली जागा शोधून काढली, अशाच माणसांना सांभाळतात तिथे. एक खाट रिकामी होती. पेंटर म्हणाला, माझी बायको मी सांभाळीन. लेक म्हणाली, तुम्हाला तरी कोण सांभाळतंय, बाबा? बरीच खडाजंगी झाली. शेवटी डॉक्टरने मधला रस्ता काढला. दारांवर मोठ्या अक्षरांत नावं लावा, कधी कधी उपयोग होतो. आठवडाभर बघा. तिला आपलं घर आपलं म्हणून कळलं तर राहू दे घरी.

पेंटरला एवढंच हवं होतं. नावं लिहा म्हणे. ज्याने आयुष्यभर दुसरं काहीच केलं नाही, त्याला सांगतात नावं लिहा.

लेक तेव्हा म्हणाली होती, "बाबा, छिन्नी नको हं. ते लांबून बघायचं अक्षर आहे. रस्त्यावरचं. घरात साधं काहीतरी लावू."

"तूच म्हणतेस ना, आंधळ्यालाही दिसेल असं आहे म्हणून?"

"ते मी गिऱ्हाइकाला म्हणते."

"मग तुझी आई काय गिऱ्हाइकापेक्षा कमी आहे?"

लेक हसली आणि हरली. पत्रे छापून आले, पेंटरने स्वतः स्क्रू पिळून लावले. बाथरूम. स्वयंपाकघर. खोली. बाहेर जाऊ नये. घर एकदम एखाद्या कारखान्यासारखं दिसायला लागलं. पेंटरला मात्र अभिमान वाटला. आपलं अक्षर आपल्या घरात पहिल्यांदाच आलं होतं.

आता छिन्नीची गोष्ट सांगायलाच हवी.

पेंटरचं मूळ अक्षर असं नव्हतंच. त्याचं अक्षर गोल, गुबगुबीत. ळ काढायचा तर दोन्ही गोळे एका दमात, ब्रश न उचलता. लग्नानंतर बायकोने पहिल्यांदा त्याचा बोर्ड बघितला तेव्हा ती म्हणाली होती, "तुमचं अक्षर जेवलेलं दिसतं. तुम्हीच तेवढे उपाशी दिसता." दवाखाने, शिंपी, घड्याळवाले, बेकऱ्या, सगळ्या बाजारभर ती जेवलेली अक्षरं बसलेली असायची.

मग चाळिशीत त्याचा उजवा हात कापायला लागला. आधी थोडासा, चहाच्या कपापुरता. मग ब्रश धरला की. सरळ रेघ कशीबशी निघायची, पण वळण घेताना हात दगा द्यायचा. म चा खालचा गोल करायला जावं तर कडेला करवतीसारखे दाते. कोणाला सांगणार? हात कापणाऱ्या पेंटरला कोण बोर्ड देतं? तसंच हात कापणाऱ्या न्हाव्याकडे कोण गळा देतं?

नेमकं तेव्हाच एका व्यायामशाळेचं काम आलं. पेंटरने दोन दिवस नुसता भिंतीकडे बघत घालवले. मग बायको म्हणाली, "वळणच नको ना मग. सगळं सरळच मारा." तिने कागदी चिकटपट्टीचं एक टोक धरलं, त्याने दुसरं. पट्ट्या लावून अक्षराचा साचा पाडला, आत रंग भरला, पट्ट्या ओढून काढल्या. कडा अशा निघाल्या की बोट कापेल. जिथे वळण हवं तिथे कोन. व्यायामशाळेचा मालक आला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"पेंटर, ह्याच्यात ताकद आहे," तो म्हणाला.

बायकोने पेंटरकडे बघितलं आणि ओढून काढलेल्या पट्ट्या गोळा करायला लागली.

पुढे काय, लाटच आली. टायरवाल्याला तसंच पाहिजे, ट्रकवाल्याला तसंच पाहिजे, कराटेच्या क्लासला तर त्याहून तसंच पाहिजे. लोक म्हणायचे, पेंटरने स्टाइल बदलली. पेंटर म्हणायचा, हो, बदलत्या जमान्याबरोबर जायला नको का? लेक मोठी झाली, डिझाइन शिकली, नोकरीला लागली. तिने बापाच्या बोर्डांचे फोटो काढून काढून त्या अक्षराचा कॉम्प्युटरवर फॉन्ट बनवला. दीड वर्ष लागलं तिला. नाव ठेवलं छिन्नी. आणि मग तो सगळीकडे गेला. खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे, ताकदीच्या पावडरचे डबे, मारामारीच्या सिनेमांची पोस्टर, सेलचे बॅनर, बंद पुकारायच्या पाट्या. जिथे कोणाला जोरात बोलायचंय तिथे छिन्नी. लेकीला त्याबद्दल बोलायला बोलावतात. ती सगळ्यांना सांगते, हे माझ्या वडिलांचं अक्षर आहे, ह्यात त्यांचा राग आहे.

ते ताकदीचं नाही, थरथरीचं अक्षर आहे, हे फक्त दोन माणसांना माहीत होतं. आणि त्यातलं एक आता चाव्या कुठे ठेवल्या तेसुद्धा विसरत होतं.

बुधवारी संध्याकाळी लेक ऑफिसमधून परस्पर आली. येताना दुसऱ्या पाट्या घेऊन आली होती. पांढऱ्यावर निळ्या, गोल कोपऱ्यांच्या, सौम्य.

"त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तुमच्या मागे ओली फरशी दिसत होती. मी काही बोलले नाही," ती म्हणाली.

"पाणी सांडलं होतं."

"बरं," लेक म्हणाली. तिने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पिवळे पत्रे उतरवले. पेंटर खुर्चीत बसून आपलं अक्षर भिंतीला उलटं टेकवलेलं बघत राहिला. त्याला वाईट वाटलं, पण हट्टाने भागणार नाही हे त्यालाही कळत होतं. बायको घाबरली होती हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

नव्या पाट्यांना बायको घाबरली नाही. तिने सगळ्या नीट वाचल्या. मग पर्स काखेत धरली आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसली.

"आई, नीट बस ना मागे टेकून."

"नको. आपला नंबर आला की जायचंय." ती लेकीच्या कानाशी वाकली. "ऑफिस स्वच्छ आहे हं. पण किती वेळ लावतात. आपण घरी कधी जायचं?"

लेकीने बापाकडे बघितलं. पेंटर पायांकडे बघत होता.

"पाट्या लावल्या म्हणून ऑफिस झालं," तो म्हणाला. "घराला कोण पाट्या लावतं?"

"मग काय करायचं, बाबा?"

"माझ्या हाताने लिहितो. जुनं अक्षर. ते तिला कळेल."

"इतक्या वर्षांनी? जमेल?"

"न जमायला काय झालं," पेंटर म्हणाला, आणि उजवा हात मांडीखाली घेऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंना बायकोजवळ बसवून तो बाजारात गेला. त्याला जुना नमुना हवा होता. ब्रशने होत नसेल तर पातळ कागद लावून अक्षर उतरवून घेऊ, कार्बनने दारावर उमटवू, आणि त्यात हळूहळू रंग भरू, असा त्याचा हिशेब. घड्याळवाल्याचा बोर्ड त्याने लग्नाच्या वर्षी रंगवला होता. बायको शिडी धरून उभी होती त्या बोर्डाला.

दुकान जागेवर होतं. वर बोर्ड नवा होता. लाल दिवे, काळी पाटी, आणि छिन्नी.

"काका!" घड्याळवाल्याचा मुलगा काउंटरमागून बाहेर आला. त्याचेही केस आता पिकत होते. "बघितलात का? मुद्दाम तुमचंच अक्षर लावलं. म्हटलं, दुसऱ्याचं लावलं तर काका बोलतील."

"छान झालंय," पेंटर म्हणाला. "जुना कुठे आहे?"

"जुना होय? गेला की भंगारात. कीड लागली होती त्याला. का हो?"

"काही नाही. सहज."

"बसा ना, चहा मागवतो."

"नको. शेजारच्या काकूंना बसवून आलोय घरी."

पेंटर तिथून शिंप्याकडे गेला. छिन्नी. बेकरी, छिन्नी, तीही केकच्या चित्राखाली, जिथे ते अक्षर सुरी रोवल्यासारखं दिसत होतं. दवाखाना पाडून तिथे गाड्या लावायला जागा केली होती, आणि त्याच्या फाटकावर छिन्नीत 'गाड्या लावू नका, हवा सोडली जाईल'. कोपऱ्यापर्यंत जाऊन तो उभा राहिला. सगळ्या बाजारात एकाच माणसाचं अक्षर होतं आणि त्याला हवं होतं ते कुठेच नव्हतं. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, हे म्हणायला तरी कोणाला म्हणायचं. तो घरी आला.

दुपारी काकू गेल्यावर त्याने गॅलरीत वर्तमानपत्रं पसरली. प्लायवूडचा तुकडा घासून पांढरा करून ठेवलेला होता. डबी उघडली, काडीने रंग ढवळला. तो वास नाकात गेला आणि त्याला एकदम बरं वाटलं. लिहायचं होतं, 'आपली खोली'. पेन्सिलीने दोन आडव्या रेघा मारल्या. चिकटपट्टी घेतली नाही. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि ब्रश टेकवला.

आ ची कमान करवतीसारखी आली. पुसली. परत आली. टर्पेंटाइनच्या फडक्याने परत पुसली. तिसऱ्यांदा त्याने पुसली नाही, पुढे गेला.

बायको आतून आली आणि बुटक्या स्टुलावर बसली. बराच वेळ ब्रशकडे बघत होती.

"कोणाचं काम?"

"घरचंच."

"असू दे. काम ते काम." तिने वर्तमानपत्राचा उडणारा कोपरा पायाने दाबून धरला. "आमचे हे पण बोर्ड रंगवतात."

पेंटरचा ब्रश प च्या काठीवर थांबला. म्हणजे जितका थांबू शकतो तितका.

"हो का?" तो म्हणाला.

"मोठे पेंटर आहेत. विचारा कोणालाही." ती जरा पुढे झुकली. "तुमचा हात कापतोय."

"वय झालं."

"वय कसलं डोंबलाचं. ह्यांचा तर चांगल्या भरात असताना कापायला लागला. पट्ट्या लावायचे न् सरळ रेघा ओढायचे. लोक म्हणायचे, व्वा, काय जोरदार अक्षर." ती खुदकन हसली. मग एकदम गंभीर झाली. "मी नाही कोणाला बोलले. माझ्या लेकीलासुद्धा नाही. तिने त्या अक्षरावर एवढं केलं, तिचा कशाला हिरमोड? आणि कामं जातात हो. तुम्ही पण सांगू नका कोणाला."

"नाही सांगत."

"शपथ?"

"शपथ."

"मग झालं." ती समाधानाने मागे टेकली. "संध्याकाळी येतात ते. तुम्हाला दाखवतील वळण कसं घ्यायचं. स्वभावाने चांगले आहेत, शिकवतात."

पेंटरने मान हलवली. त्याने ली ची वेलांटी काढली, ख काढला, ओ चा काना, मात्रा. मनगट त्याने आता सोडून दिलं होतं. जसा हात गेला तसं अक्षर गेलं. कडा फाटक्या, पण पोटं गोल होती. उपाशी माणसाने ढेकर द्यावी तशी ती अक्षरं दिसत होती, तरी त्याचीच होती.

वाळल्यावर त्याने ती पाटी खोलीच्या दाराला लावली आणि बायकोला हाताला धरून समोर नेलं.

तिने बोट फिरवत वाचलं. आपली. खोली. चेहऱ्यावर भीती नव्हती. पर्सही तिने काखेत घेतली नाही.

"छान आहे," ती म्हणाली. आणि मग अगदी नम्रपणे, परक्या माणसाला विचारावं तसं तिने विचारलं, "आपली म्हणजे कोणाची?"

"तुझी आणि माझी."

ती ओशाळली. एक पाऊल मागे सरकली.

"नाही हो. असं कसं," ती म्हणाली. "हे येऊ देत आधी."

संध्याकाळभर ती बाहेरच्या दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिली. प्रत्येक वेळी लिफ्टचा आवाज आला की मान वर करायची. पेंटरने दोनदा बाहेर जाऊन, बेल वाजवून परत आत येऊन बघितलं. पहिल्या वेळी तिने 'ते आले नाहीत अजून' असं सांगितलं. दुसऱ्या वेळी दार उघडलं आणि म्हणाली, "आलात? किती उशीर." तो आत आला, चपला काढल्या, आणि ती त्याच्या मागोमाग मुकाट्याने खोलीत गेली. पण सकाळी उठल्यावर पुन्हा तेच.

शनिवारी लेक आली. दारात बॅग ठेवली आणि पहिली नजर त्या पाटीवर गेली. जवळ गेली. नजरेचंच काम तिचं, अक्षर वाचायच्या आधी कड बघते. आ च्या कमानीवर, वेलांटीवर तिने नखाने रेघ ओढली.

"हे तुम्ही काढलं?"

"हं."

"कधीपासून, बाबा?"

पेंटरने बायकोकडे बघितलं. ती गॅलरीत केस वाळवत बसली होती.

"व्यायामशाळेच्या बोर्डापासून."

लेक तशीच पाठमोरी उभी राहिली. "म्हणजे छिन्नी..."

"हं."

"मी लोकांना सांगत फिरते, हा माझ्या बापाचा राग आहे म्हणून. मोठ्या हॉलमध्ये उभी राहून."

"सांग की. राग काय आणि भीती काय, लांबून सारखंच दिसतं."

"आईला माहीत होतं?"

"तिनेच सुचवलं. वळणच नको म्हणाली. आणि तिला अजून माहीत आहे. फक्त तो माणूस मीच, हे माहीत नाही."

लेक वळली. तिचा चेहरा बघून त्याला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण हात कापत होता, म्हणून त्याने ठेवला नाही. मग ठेवलाच.

"वाचता येतं तिला सगळं," तो म्हणाला. "माझं अक्षरही ओळखीचं वाटतं. दार काय, सापडेल. पण मी परका, म्हणून ती कोणाच्या तरी घरात माझी वाट बघत दिवसभर बसते. मी रोज किती वेळा बेल वाजवू? फोन कर तिकडे. खाट आहे का विचार."

तिथे खोल्या मोठ्या होत्या. दोन दोन खाटा, मध्ये खिडकी. सिस्टर चांगल्या होत्या, हसऱ्या, बायकोचं सामान त्यांनी स्वतः कपाटात लावलं. खाटेच्या वर भिंतीवर एक कोरी पाटी होती.

"इथे आजींचं नाव येतं. आम्ही छापून घेतो," सिस्टर म्हणाल्या. "ताईंचं कामच आहे ना हे? ते जोरदारवालं लावू या का?"

लेकीने लॅपटॉपच्या पिशवीची चेन उघडली होती. ती तिने परत लावली.

"बाबा लिहितील," ती म्हणाली.

पेंटरने पिशवीतून डबी काढली, ब्रश काढला. चिकटपट्टी त्याने आणलीच नव्हती. तो खुर्चीवर चढायला लागला तशी सिस्टरने एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्या हाताने रंगाची डबी धरली. ब्रश वर उचलला आणि हात भर उजेडात कापायला लागला. सिस्टरने बघितलं. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईंनी बघितलं. दारातून जाणारा वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन थांबला. पेंटरने कोपर बरगडीत दाबलं नाही की मनगट धरलं नाही. सावकाश, सगळ्यांसमोर, तिचं नाव लिहिलं. फार लांबलचक नाव नाही. तरी वेळ लागला.

मग तो ब्रश धुवायला बेसिनकडे गेला. नळाखाली रंग निघत नाही, टर्पेंटाइन लागतं, हे माहीत असूनही तो बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

परत आला तेव्हा पलीकडच्या बाई उठून पाटीजवळ आल्या होत्या. त्यांनी बोट पुढे केलं.

"अंहं," बायको खाटेवरून उठली आणि त्यांच्या आणि पाटीच्या मध्ये उभी राहिली. "हात नका लावू. ओलं आहे अजून."